मिरचीच्या मुलखातली माणसे

(हिवरा आश्रम येथे प्रौढ वाचनवर्गापुढे दिलेले व्याख्यान)



विवेकानंद जयंतीच्या उत्सवात आपल्या हिवरा आश्रमात मोठी पंगत बसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुरी आणि वांग्याची भाजी येते. हजारो माणसांना ती वाढली जाते. आता मी विचारतो, त्या भाजीतले आपले काय आणि बाहेरचे काय? वांगे आपले आहे. ते या देशात फार जुन्या काळापासून पिकते. हळद आपली, आले आपले. पण भाजीला झणका देते ती मिरची? ती आपली नव्हे!

ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात एकाही घरात मिरची नव्हती. ठेचा नव्हता. तिखट हवे असेल तर लोक काळी मिरी घालत, आले घालत, पिंपळी घालत. पुढे १५१० साली पोर्तुगीज लोकांनी गोवा घेतले. त्यांच्या जहाजांतून मिरची आली. लोकांनी पाहिले, ही मिरीसारखी तिखट आहे. म्हणून तिचे नाव पडले मिरची.

एकटी मिरचीच आली असे समजू नका. मका तिकडचा. टमाटे तिकडचे, कुणी त्यांना भेदर म्हणतात. आपण ज्याला जांब म्हणतो तो पेरूही अमेरिका खंडातला. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू तिकडचा. फार काय, आज वऱ्हाडात जी पऱ्हाटी पेरतात, तिचे बहुतेक वाण तिकडच्याच कपाशीच्या कुळातले आहेत. आपली देशी कपाशी वेगळी. तीही फार जुनी आहे. आणि एकादशीचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद. सगळे अमेरिकेतून आलेले. माउलींच्या वेळचे वारकरी उपासाला काय खात असतील, असा विचार मनात आला म्हणजे मौज वाटते.

यातल्या पुष्कळ गोष्टी मेक्सिको देशातल्या. हा देश पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. आपल्याकडे रात्र पडली की तिकडे दिवस उजाडतो. पण तो अगदीच अनोळखी आहे असेही नाही. आपल्या विदर्भातला एक माणूस तिथे जाऊन मोठे काम करून गेला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी त्यांनी तरुणपणीच देश सोडला. अमेरिकेत ते शेतकी शिकले, गदर पक्षात राहिले, इराणात जाऊन इंग्रजांशी लढले. इंग्रज सरकार त्यांना परत येऊ देईना. तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. चापिंगो गावच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याचे नवे वाण काढले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने राजधानीतल्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांचे चित्र काढले आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

खानखोज्यांनी ज्या शेतकऱ्यांना शिकवले, त्यातल्या पुष्कळांच्या पूर्वजांची हकिकत मला आज सांगायची आहे. पुस्तकांत त्यांना अझ्टेक म्हणतात. ते स्वतःला मेशिका म्हणवीत. त्यांची राजधानी एका तळ्यातल्या बेटावर होती. तिचे नाव जिभेला जड आहे. सावकाश म्हणा: ते-नोच्-तित्-लान. ती १३२५ साली वसली असे ते लोक सांगत. त्याच सुमारास, म्हणजे १३२७ साली, महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीस आणली होती. काळ ध्यानात राहावा म्हणून हे सांगितले.

हे मेशिका मूळचे भटके लोक. चांगली जमीन आधीच दुसऱ्यांनी धरलेली. यांच्या वाट्याला आले चिखलाचे बेट. तळ्याच्या पूर्वेचे पाणी खारे. खाऱ्या पाण्याने काय होते ते आपल्याला शिकवायला नको. शेजारी लोणारचे तळे आहे, शेगाव-नांदुऱ्याकडे खारपाणपट्टा आहे. मग या लोकांनी काय केले? १४४९ च्या सुमारास तळ्याच्या मधोमध सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा बांध घातला. खारे पाणी एका अंगाला, गोडे दुसऱ्या अंगाला. डोंगरातल्या झऱ्याचे प्यायचे पाणी त्यांनी पाटाने शहरात आणले. पाट एक नाही, जोडीने दोन बांधले. एक साफ करायचा तेव्हा दुसरा चालू. आपल्या कितीतरी गावांच्या नळयोजनेत अजून ही सोय नाही!

आणि शेती? ती पाण्यातच केली. उथळ पाण्यात लांबट वाफा आखायचा. कडेने खुंट ठोकायचे. आत पाणवनस्पती आणि तळाचा गाळ थरावर थर टाकायचा. वाफा पाण्याच्या वर आला की कडेने झाडे लावायची, म्हणजे त्यांची मुळे माती धरून ठेवतात. दोन वाफ्यांच्या मध्ये नावेपुरता कालवा. ओल कायम. गाळाचे खत कायम. शहरातले सोनखतही नावेत भरून विकले जाई. वर्षाकाठी कित्येक पिके निघत. त्या शहरात दीड-दोन लाख वस्ती होती असा अंदाज आहे. त्या वाफ्यांना चिनांपा म्हणतात. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को येथे अशी शेती आजही चालते.

हे सर्व कशाने केले? हातांनी. त्यांच्याकडे बैल नव्हता. घोडा नव्हता, गाय नव्हती, गाढव नव्हते. पाळीव म्हणावे तर कुत्रा आणि टर्की नावाचा मोठा कोंबडा. दूध नाही, दही नाही. लोखंड नाही. नांगर नाही, बैलगाडी नाही. टोकदार काठीने जमीन खणायची. माल वाहायचा तो माणसाने, कपाळावर पट्टा लावून पाठीवर. बैलपोळ्याच्या दिवशी मला हे लोक हटकून आठवतात.

आता त्यांच्या घरात चला. आयाबहिणींना हा भाग ओळखीचा वाटेल.

पहाटेच बाई उठे. रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवलेला असे. तो धुऊन ती पाट्यावर वाटायला बसे. पाटा-वरवंटाच, फक्त त्यांचा पाटा पायांवर उभा असे. हे वाटण कित्येक तास चाले. मग हाताने थापून मातीच्या तव्यावर भाकर. वर मिरची, टमाटे. सोबत घेवडा, भोपळा. गरिबाचे जेवण एवढेच.

या चुन्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. मक्यात एक जीवनसत्त्व असते, पण नुसता मका खाल्ला तर ते अंगी लागत नाही. चुन्यात शिजवला की लागते. त्या बायांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. पण ही रीत आईकडून लेकीकडे हजारो वर्षे चालत आली होती. परदेशी लोकांनी मका नेला, युरोपात पेरला. तो वाटणाऱ्या बाईला मात्र कुणी विचारले नाही, की बाई गं, तू त्यात चुना का घालतेस? परिणाम असा झाला, की इटलीत, स्पेनात आणि पुढे अमेरिकेत मक्यावर जगणारी गरीब माणसे पेलाग्रा नावाच्या रोगाने मेली. कातडी सोलून निघे, वेड लागे. दीड-दोनशे वर्षे हे चालले. कारण कळले ते विसाव्या शतकात.

पोरांचे जेवण मोजून असे. त्यांच्या एका चित्रपोथीत ते काढलेलेच आहे. तीन वर्षांच्या पोराला एका वेळी अर्धी भाकर. चार-पाच वर्षांच्या पोराला एक. सहा ते बारापर्यंत दीड. तेराव्या वर्षापासून दोन. पोर हट्टी असेल तर शिक्षाही काढली आहे. अकरा वर्षांच्या मुलाला बाप मिरच्यांच्या धुरावर धरतो! आपण दृष्ट काढताना चुलीत मिरच्या टाकतो तेव्हा घरभर काय ठसका लागतो! मला ती शिक्षा पटत नाही. पण मिरची किती घरोघर होती ते यावरून कळते.

लग्नाचे चित्रही त्याच पोथीत आहे. रात्री मशाली घेऊन वरात निघे. मध्यस्थ बाई नवरीला पाठीवर घेऊन नवऱ्याच्या घरी आणी. दोघांना चटईवर बसवीत. त्याच्या अंगावरच्या वस्त्राची आणि तिच्या वस्त्राची गाठ मारीत. गाठ पडली की लग्न लागले. आपल्याकडे उपरण्याची आणि शालूची गाठ बांधतात, तसेच. कुणी कुणाचे पाहून केले नाही. मधे दोन महासागर होते.

दारूबाबत ते कडक होते. घायपातीच्या रसाची दारू करीत. ती म्हाताऱ्यांनी प्यावी. सत्तरी गाठलेल्या आजीला मोकळीक. पोथीत अशी एक आजीबाई काढली आहे. तरुण माणूस झिंगलेला सापडला तर भारी शिक्षा होई, प्रसंगी जीवही जाई. आणि सरदाराला शिक्षा गरिबापेक्षा जबर. हे शेवटचे मला आवडले.

जमीन कुणाची? शहरात वेगवेगळ्या वस्त्या होत्या. जमीन वस्तीची. वस्तीतल्या कुटुंबाला कसण्यापुरता तुकडा मिळे. दोन वर्षे पडीक ठेवली तर काढून घेत. पण सर्वांवर सरदार होते, राजा होता. भोवतालच्या शेकडो गावांवर कर होता. मका, मिरची, कापसाची वस्त्रे, पक्ष्यांची पिसे. साधी बाई कमरेला माग बांधून तलम सुती वस्त्र विणी. ते कराला जाई. साध्या माणसाने सुती घालायचे नाही, असा नियम होता. त्याने घायपातीच्या धाग्याचे जाडेभरडे घालावे, तेही गुडघ्यापर्यंत. पायावर लढाईचा घाव असेल तरच लांब वस्त्र चाले.

गुलामही होते. पण गुलामाचे मूल जन्मतः मोकळे असे. बहुतेक गुलाम कर्जाने किंवा भुकेने झालेले. १४५४ सालचा दुष्काळ फार वाईट होता. लोकांनी मक्याच्या कणसांवर आपली पोरे दूरच्या लोकांना विकली. आपल्याकडे दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. त्याच्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी तिकडे हे झाले.

बाजार मात्र पाहावा असा. एकेका दिवशी साठ हजार माणसे जमत असे परदेशी माणसाने लिहून ठेवले आहे. नाणे नव्हते. ज्यापासून चॉकलेट करतात त्या कोकोच्या बिया हेच सुटे पैसे. परदेशी राज्य आल्यानंतरची, १५४५ सालची, भावांची एक यादी सापडली आहे. एक मोठा टमाटा, एक बी. टर्कीचे अंडे, तीन बिया. टर्कीची मादी, शंभर. लबाड माणसे बी पोखरून आत भलतेच काही भरीत. म्हणून बाजारात पंच बसत. खोटे माप सापडले की जागीच फोडीत.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे लोक देवापुढे माणसे बळी देत. लढाईत धरलेले कैदी देवळाच्या माथ्यावर मारले जात. रक्त दिले नाही तर सूर्य चालायचा नाही, अशी त्यांची समजूत. आकडे पुष्कळ फुगवून सांगितले गेले. पण गोष्ट खरी आहे. २०१५ साली मेक्सिको शहरात खोदताना कवट्यांची मोठी रचना सापडली. त्यात बाया होत्या, लहान मुलेही होती. याचे समर्थन होणार नाही. त्याच काळात युरोपात धर्माच्या नावाने माणसांना जिवंत जाळीत, आणि आपल्याकडे बाया सती जात. ते सांगितले म्हणून हे धुऊन निघत नाही. दोन्ही सांगावे, एवढेच.

आता मी येतो शाळेकडे. मला मुख्यतः हेच सांगायचे होते.

मेशिका लोकांत झाडून सर्व मुलांना शाळेत जावे लागे. गरिबाचा मुलगा असो की सरदाराचा. मुलींनाही गाणे आणि नाच शिकायला जावे लागे. पाचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! आपल्याकडे सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवू लागल्या त्या १८४८ साली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले ते १९१७ साली. तेव्हा मेशिका लोकांचे कौतुक वाटते.

पण खोलात गेले की त्या शाळा दोन प्रकारच्या होत्या असे दिसते. साध्या मुलांच्या शाळेत लढाई, अंगमेहनत आणि गाणी. सरदारांच्या आणि पुजाऱ्यांच्या मुलांच्या शाळेत पंचांग, कायदा, इतिहास आणि लेखन. त्यांचे लेखन चित्रांचे. झाडाच्या सालीच्या कागदावर रंगवलेल्या घडीच्या पोथ्या. शाळा सर्वांना, पोथी मात्र थोड्यांना.

इत्सकोआत्ल नावाचा त्यांचा एक राजा १४२७ साली गादीवर आला. त्याने जुन्या इतिहासाच्या पोथ्या जाळून टाकवल्या. का, तर साध्या माणसांना हे कळायचे कारण नाही, कळले तर राज्याची अब्रू जाईल. ही गोष्ट पुढे त्याच लोकांच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली आहे. मग त्याच्या सोयीचा इतिहास नव्याने सांगितला गेला. साध्या माणसाला पोथी वाचताच येत नव्हती. तो कसा म्हणणार, की राजे, माझ्या आजाच्या पोथीत वेगळे लिहिले होते?

पुढे १५१९ साली स्पेन देशाचा कोर्तेस आला. सोबत काहीशे शिपाई, घोडे, तोफा. एवढ्याने हे राज्य पडले नसते. पण कराने पिडलेली शेजारची गावे त्याला मिळाली. त्लाश्काला नावाच्या शेजाऱ्यांना तर मेशिकांनी कित्येक वर्षे मीठ आणि कापूस मिळू दिला नव्हता. ते हजारोंनी कोर्तेसच्या बाजूने लढले. आणि १५२० साली देवीचा रोग आला. तो त्या खंडात आधी कधीच नव्हता. घरेच्या घरे आडवी झाली. पाणी द्यायलाही कुणी उरले नाही. मग अडीच महिने वेढा पडला, पाण्याचा पाट तोडला गेला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले.

त्यानंतर पाद्र्यांनी उरल्या पोथ्या गोळा करून जाळल्या. सैतानाच्या म्हणून. ज्यांना त्या वाचता येत, त्यातले बरेचसे लढाईत आणि रोगात आधीच गेले होते. साऱ्या राज्याची विद्या थोड्या डोक्यांत आणि थोड्या पोथ्यांत ठेवलेली. डोकी गेली, पोथ्या गेल्या. तिथल्या त्या काळाच्या आधीच्या पोथ्या आज बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

मग मी एवढे सगळे कशाच्या आधाराने सांगतो आहे? तीही हकिकत ऐका.

१५२९ साली साहागून नावाचा एक पाद्री तिकडे गेला. त्याला या लोकांचा धर्म बदलायचा होता. त्यासाठी आधी तो समजून घ्यावा म्हणून तो त्यांची नाहुआत्ल भाषा शिकला. गावोगावच्या म्हाताऱ्यांना त्याने बसवून विचारले. त्याच्याजवळ तिथलीच शिकलेली तरुण मुले होती. ती आपल्या भाषेतही लिहीत आणि परक्यांच्या भाषेतही. म्हातारे सांगत आणि मुले लिहून घेत. कित्येक वर्षे हे काम चालले. १५७६ साली पुन्हा मोठी साथ आली, माणसे पटापट मरत होती, तरी लिहिणे थांबले नाही. १५७७ च्या सुमारास बारा भागांचा ग्रंथ तयार झाला. त्यात दोन हजारांवर चित्रे आहेत. तो आज इटलीत फ्लॉरेन्स शहरी आहे. नाहुआत्ल भाषा अजून जिवंत आहे, पंधरा लाखांहून जास्त लोक ती बोलतात. टमाटे आणि चॉकलेट हे शब्द तिच्यातूनच निघाले आहेत.

त्या ग्रंथात राजे आहेत, देव आहेत, लढाया आहेत. पण मला आवडतो दहावा भाग. त्यात साधी माणसे आहेत. सुतार, कुंभार, सुईण, भाकरी विकणारी, भाजी विकणारा. चांगला कोण आणि वाईट कोण, हे प्रत्येकाचे लिहिले आहे. मिरची विकणाऱ्यांचेही आहे. चांगला विक्रेता मिरचीचे सारे प्रकार आणतो, लाल, पिवळी, बारीक, धुरावर सुकवलेली. आणि लबाड विक्रेता नासकी, वास मारणारी मिरची खपवतो.